लॅपटॉपवर सारखी निळी स्क्रीन (आता काळी), आणि दर वेळी कोड वेगळाच

पानगळ

मंडळी, मदत हवी आहे. लॅपटॉप काम करता करता मध्येच मान टाकतो. आधी निळा पडदा आणि दुःखी चेहरा यायचा, मधल्या मोठ्या अपडेटनंतर पडदा काळा झालाय, पण दुखणं तेच. टक्के शंभरावर जातात आणि आपोआप रिस्टार्ट. कधी एकाच दिवसात पुन्हा पुन्हा, कधी आठवडाभर अगदी शहाण्यासारखा वागतो.

ठरावीक कारण सापडत नाही. व्हिडिओ कॉल चालू असताना झालं, नुसतं पीडीएफ वाचताना झालं, झाकण उघडून पासवर्ड टाकतानाही झालं.

विंडोज ११, १६ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी. तीनेक वर्षं जुना, वॉरंटी संपलेली. आतापर्यंत विंडोज अपडेट केलं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला, व्हायरस स्कॅन केला. एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजच्या फायली तपासणारी कमांड) चालवलं तर म्हणालं, काही फायली खराब होत्या, दुरुस्त केल्या. बरं वाटलं. काही दिवसांनी पुन्हा चालवलं तर पुन्हा खराब फायली!

टिपून ठेवलेले कोड: मेमरी मॅनेजमेंट, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया आणि एकदा कर्नल सिक्युरिटी चेक फेल्युअर. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घटनांच्या यादीत) मात्र दर वेळी लाल खूण करून 'कर्नल पॉवर ४१' असतं. म्हणजे पॉवरचा घोळ आहे का? चार्जर बदलू का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

झटपट_उपाय

एवढं डोकं कशाला लावायचं? डेटा पेनड्राइव्हवर घ्या, फॉरमॅट मारा, फ्रेश विंडोज टाका. बहुतेक दुखणी फॉरमॅटनेच जातात.

मांजरपाट

झटपट यांचं औषध ठरलेलं, रोग कुठला का असेना. (हलके घ्या.)

अवांतर: पडदा काळा झाला म्हणून घाबरू नका, तो मायक्रोसॉफ्टनेच २०२५ मध्ये विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत बदलला. दुःखी चेहरा गेला, २०१६ पासून दिसणारा क्यूआर कोडही गेला. त्यात फायदा एवढाच की कोड आणि बिघडलेल्या ड्रायव्हरचं नाव खाली नीट वाचता येतं. निळ्या पडद्याचा इतिहास रंगीत आहे. १९९८ च्या एप्रिलमध्ये कॉमडेक्स प्रदर्शनात विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चालू होतं. बिल गेट्स मंचावर उभे, सहकाऱ्याने स्कॅनर जोडला आणि भरसभेत निळा पडदा. तेव्हा पानगळताई, तुम्ही फार मोठ्या लोकांच्या पंगतीत आहात.

जुना_खिळा

पानगळताई, फॉरमॅट तूर्त अजिबात नको, चार्जरही नको.

आधी ४१ नंबरचं बघू, कारण त्याने भलेभले फसतात. 'कर्नल पॉवर ४१' ही नोंद विंडोज पुढच्या वेळी चालू होताना करतं. तिचा अर्थ एवढाच, की मागच्या खेपेस मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. बटण दाबून धरलं, बॅटरी संपली, निळा पडदा आला, काहीही झालं तरी ४१ येणारच. तिच्यावरून कारण कळत नाही. त्याच सुमारास 'बगचेक' नावाची १००१ क्रमांकाची नोंद असेल, ती उघडा. कोड आणि त्याचे चार आकडे तिथे मिळतील. सगळं एका नजरेत हवं असेल तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' शोधा, तारखेनुसार तक्ता दिसेल. कुठल्या दिवशी काय इन्स्टॉल झालं आणि कधीपासून पडझड सुरू झाली, हे शेजारी शेजारी दिसतं.

आता मुख्य गोष्ट. दर वेळी कोड वेगळा आणि दर वेळी काम वेगळं, हीच मला सगळ्यात मोठी खूण वाटते. बिघडलेला ड्रायव्हर सहसा इतका लहरी नसतो. त्याची एक ठरावीक जागा असते: झोपेतून उठताना पडतो, वायफाय जोडताना पडतो, गेम लावला की पडतो, आणि कोड बहुतेक एकच किंवा त्याच घरातला असतो. तुमच्या यादीतले चारही कोड वाचले तर सगळे एकच तक्रार करताहेत, की 'मेमरीत जे असायला हवं होतं ते तिथे नाही.' कर्नलला, म्हणजे विंडोजच्या गाभ्याला, आपली नोंदवही वाचताना भलतंच अक्षर दिसलं आणि पुढे लिहून आणखी नासाडी होऊ नये म्हणून त्याने मुद्दाम मशीन थांबवलं. निळा पडदा म्हणजे हा मुद्दाम घेतलेला थांबा.

आणि एसएफसी. ते फाइल डिस्कवरून रॅममध्ये घेतं, तिचा हिशेब काढतं आणि मूळ हिशेबाशी ताडून पाहतं. रॅमच एखादा आकडा बदलत असेल तर डिस्कवरची धडधाकट फाइलही 'खराब' ठरते. दुरुस्ती करून परत लिहितानाही तोच धोका. पुन्हा पुन्हा खराब फायली सापडणं हे त्यामुळेच मला खटकलं. एसएसडीसुद्धा असं करू शकते, म्हणून तिचीही तपासणी करू, पण माझा पहिला संशय रॅमवर.

फॉरमॅट का नको, ते आता लक्षात आलं असेल. खराब रॅमवर नवं विंडोज टाकलं तर तेही पहिल्या दिवसापासून खराब, आणि तोवरचे सगळे पुरावे पुसलेले.

तर क्रमाने असं करा. सगळ्यात आधी महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप, पण जुन्या बॅकअपवर चढवू नका, वेगळ्या जागी घ्या. कारण पुढे सांगतो. मग सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात 'मिनिडंप' नावाचं फोल्डर आहे का बघा (मशीन पडताना विंडोज मेमरीची छोटी नोंद, म्हणजे डंप, तिथे ठेवतं). त्यातल्या फायली डेस्कटॉपवर कॉपी करा. फोल्डर रिकामं असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी इथे जाऊन 'स्मॉल मेमरी डंप' निवडा आणि आपोआप रिस्टार्टची खूण काढा. पेजफाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल) बंद केलेली असेल तर ती चालू करा, तिच्याशिवाय डंप लिहिला जात नाही. साफसफाईची ॲप चालवत असाल तर तूर्त थांबवा, ती हे डंप कचरा समजून उडवतात.

उलटसुलट

जुना_खिळा यांच्याशी थोडा असहमत. तीन वर्षं जुना लॅपटॉप म्हणजे पंख्यात धूळ ठासून भरलेली असणार. माझा अनुभव असा की निळा पडदा म्हणजे तापमान. उघडून साफ करा, थर्मल पेस्ट बदला, सगळं ठीक होईल. उगाच डंप वगैरे वाचत बसायची गरज नाही.

सुईदोरा

@उलटसुलट, धूळ साफ करायला कुणाचीच ना नाही, पण तापलेला लॅपटॉप आधी वेग कमी करतो. तरीही तापमान चढत राहिलं तर थेट बंद पडतो, पडदा वगैरे दाखवण्याइतकी सवडही मिळत नाही. उष्णतेमुळे निळा पडदा आलाच तर बहुधा 'डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर' हा १२४ क्रमांकाचा कोड दिसतो, कारण ती तक्रार थेट प्रोसेसरकडून आलेली असते. इथे पीडीएफ वाचताना पडतोय. पीडीएफने कुठला लॅपटॉप तापतो?

पानगळ, एक प्रश्न. १६ जीबी रॅम कशी आहे? दोन स्टिक आहेत, की अर्धी मदरबोर्डवर सोल्डर केलेली आणि अर्धी स्लॉटमध्ये? हल्लीच्या पातळ लॅपटॉपमध्ये दुसरा प्रकार खूप दिसतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी इथे किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर उत्तम.

झटपट_उपाय

ड्रायव्हर व्हेरिफायर चालवा मग. लगेच चोर सापडेल.

जुना_खिळा

व्हेरिफायर हे जहाल औषध आहे. ते ड्रायव्हरांवर मुद्दाम जास्तीचा ताण टाकतं आणि जरा काही वावगं दिसलं की स्वतःच मशीन पाडतं. ड्रायव्हर चालू होतानाच पडला तर विंडोज सुरूच होत नाही, मग सेफ मोडमध्ये जाऊन 'व्हेरिफायर रिसेट' करावं लागतं. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर सेफ मोडमध्ये जाताना रिकव्हरी कीसुद्धा मागू शकतं. डंपमध्ये बाहेरच्या कंपनीच्या एकाच ड्रायव्हरचं नाव वारंवार येत असेल आणि तरी खात्री पटत नसेल, तर ते चालवण्यात अर्थ आहे. रॅमचा संशय असताना चालवलं तर निष्पाप ड्रायव्हर फासावर जाईल.

पानगळ

सगळ्यांचे आभार, एवढ्या तपशिलात कुणी उत्तर देईल असं वाटलं नव्हतं.

सर्व्हिस मॅन्युअल पाहिलं. ८ जीबी बोर्डवर सोल्डर केलेली, ८ जीबी स्लॉटमध्ये. दोन्ही लॅपटॉपसोबतच आलेल्या. मिनिडंप फोल्डरात फायली आहेत. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विनडीबीजी (डंप वाचायचं साधन) घेतलं, फाइल उघडली आणि 'ॲनलाइझ'च्या निळ्या दुव्यावर क्लिक केलं. बरंच काही आलं, त्यातलं मला कळलं ते असं: बऱ्याच डंपमध्ये दोषी म्हणून विंडोजच्याच कर्नलचं नाव आहे. एकात ग्राफिक्सचा ड्रायव्हर, एकात फाइल सिस्टिमचा. मेमरी मॅनेजमेंटवाल्या डंपमध्ये पहिला आकडा ४१७९२ आणि तिसरा ८०००००, चौथा शून्य.

विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिकही चालवलं. 'एकही त्रुटी नाही' म्हणालं. मग रॅम सुटली ना?

जुना_खिळा

नाही, उलट आता जवळपास पकडली गेली. तुमचे आकडे वाचून खुर्चीत सरसावून बसलो.

दोषी म्हणून कर्नलचं नाव आलं की त्याचा अर्थ 'विंडोज बिघडलं' असा घ्यायचा नाही. अपघात जिथे उघडकीला आला तिथला तो पत्ता असतो. ग्राफिक्स, फाइल सिस्टिम, कर्नल, दर वेळी नवाच बळी, म्हणजे मारेकरी त्यांच्यापैकी कुणी नाही.

आता मेमरी मॅनेजमेंट, म्हणजे १ए हा कोड. त्यात पहिला आकडा ४१७९२ आला तर अर्थ असा: मेमरीचं कुठलं पान कुठे आहे याच्या कोष्टकातली एक नोंद खराब सापडली. ती नोंद खरं तर रिकामी, म्हणजे पूर्ण शून्य असायला हवी होती. तिथे प्रत्यक्षात काय सापडलं ते तिसऱ्या आणि चौथ्या आकड्यात लिहिलेलं असतं. तुमच्याकडे ८०००००. हा सोळाच्या पायातला (हेक्साडेसिमल, अंक ० ते ९ आणि मग ए ते एफ) आकडा आहे. तो शून्य-एकच्या भाषेत मांडला तर एकच १ आणि बाकी सगळी शून्यं. चौसष्ट खणांपैकी, म्हणजे बिटांपैकी, एकाच खणात शून्याचा एक झाला. चुकार ड्रायव्हर दुसऱ्याच्या जागेत लिहितो तेव्हा सहसा सबंध आकडे घुसडतो, एखादा पत्ता, एखादा मजकुराचा तुकडा. एकट्या बिटाने कोलांटी मारणं ही रॅमची सही आहे. (सोपा नियम: सोळाच्या पायात १, २, ४ किंवा ८ यांपैकी एक अंक आणि बाकी सगळी शून्यं दिसली की एकच बिट.)

विंडोजच्या डायग्नोस्टिकने 'नापास' म्हटलं तर विश्वास ठेवायचा. 'पास' म्हटलं तर फक्त ऐकून घ्यायचं. मूळ सेटिंगमध्ये त्याची तपासणी फार वरवरची असते. मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस पेनड्राइव्हवर घ्या. दोन्ही वेगवेगळी आहेत, नावं सारखी असली तरी. प्लसवालं मुक्त स्रोत आहे आणि २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून यूईएफआयवर, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायॉसवर, चालतं. रात्रभर चालू द्या, चार फेऱ्या तरी. एकही त्रुटी आली तर रॅम नापास, यात 'फक्त दोनच आल्या' असं काही नसतं. अपवाद एकच, मेमटेस्ट८६ मधली १३ क्रमांकाची हॅमर टेस्ट. ती मुद्दाम शेजारच्या ओळींवर घाव घालत राहते. फक्त तिथेच चुका आल्या तर तितकं गंभीर धरू नका.

पेनड्राइव्हवरून बूट करायला सिक्युअर बूट (अनोळखी बूट अडवणारी सोय) बंद करावा लागला, तर त्याआधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. असेल तर तात्पुरतं थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बऱ्याच विंडोज ११ मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगिन करतानाच एन्क्रिप्शन गुपचूप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. की नसेल तर डेटा गेला, त्यावर कुणाकडेच इलाज नाही.

मांजरपाट

वाखु (वाचनखूण) साठवली. बिटाने कोलांटी मारणं हा शब्दप्रयोग पुढे ढापणार.

पानगळ

एन्क्रिप्शन खरंच चालू होतं. मला कल्पनाही नव्हती. की उतरवून ठेवली, मग पुढचं केलं.

मेमटेस्ट८६ रात्रभर लावलं. सकाळी पाहिलं तर स्क्रीनवर लाल ओळी. हॅमर टेस्टपर्यंत जायचीही गरज पडली नाही, आधीच्या टेस्टमध्येच आल्यात. सगळ्या ओळींत एक गोष्ट सारखी: अपेक्षित ०००००००० आणि प्रत्यक्षात ००८०००००. पत्ते मात्र जरा विखुरलेले आहेत.

हा तोच ८००००० ना?

जुना_खिळा

तोच. तोच खण, तीच कोलांटी. आता चर्चा संपली, रॅमच.

कुठली रॅम, एवढंच उरलं. सुईदोरा, सूत्रं तुमच्याकडे.

सुईदोरा

स्लॉटमधली स्टिक काढून फक्त बोर्डवरच्या रॅमवर मेमटेस्ट चालवा. चुका गेल्या तर स्टिक दोषी, बदलली की झालं. चुका राहिल्या तर बोर्डवरची दोषी, आणि मग जरा अवघड आहे.

उघडण्याआधी: लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. 'शट डाउन' करताना शिफ्ट दाबून धरा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे तो अर्धवट झोपतो. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीची वायर सोडवणं. स्टिकला हात लावण्याआधी उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की स्टिक आपोआप तिरकी उभी राहते, ओढू नका. स्क्रूंच्या लांब्या वेगवेगळ्या असतात, कुठला कुठून निघाला त्याचा फोटो काढून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर बोर्डाला भोक पडतं.

रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन बराच वेळ काळी राहू शकते, डीडीआर५ असेल तर जास्तच. मशीन नव्या रॅमशी जुळवून घेत असतं. घाबरून बटण दाबू नका.

आणि हो, स्टिक परत बसवण्याआधी तिचे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कधी कधी दोष नुसत्या मळाचा निघतो.

उलटसुलट

तापमानाचं मत मागे घेत नाही, पण या केसमध्ये रॅम मान्य.

पानगळ

स्टिक काढून चालवलं. चुका तशाच. फरक एवढा की आता पत्ते विखुरलेले नाहीत, सगळे १ए३सी४ ने सुरू होतात. उदाहरणार्थ १ए३सी४५६७८. म्हणजे बोर्डवरची रॅम.

आता? मदरबोर्ड बदलणं म्हणजे जवळपास नवा लॅपटॉप घेण्यासारखंच. वर्षभर तरी मला हाच ओढायचा आहे.

सुईदोरा

चिप बदलून देणारे कारागीर असतात, पण बीजीए काम (खालच्या बारीक गोळ्यांनी डकवलेल्या चिपचं) नाजूक आहे. बोर्ड तापवून चिप काढायची, नवी बसवायची, शेजारच्या भागांना धक्का न लावता. करणारा खात्रीचा असेल तरच जा, आणि आधी विचारा की काम फसलं तर बोर्डाची जबाबदारी कुणाची.

बायॉसमध्ये बोर्डवरची रॅम बंद करायची सोय आहे का तेही बघा. बहुतेकांत नसते, पण बघायला काय जातं.

जुना_खिळा

एक तिसरी वाट आहे. फार कुणाला ठाऊक नसते.

विंडोजला सांगता येतं, की रॅमची अमुक पानं वापरू नकोस. दोष पूर्ण चिपमध्ये नसून एका चिंचोळ्या पट्ट्यात आहे, हे तुमच्या पत्त्यांवरून दिसतंय, म्हणून हे जमण्याजोगं आहे. विंडोज रॅमला ४ केबीच्या पानांत मोजतं. मेमटेस्टने दिलेल्या पत्त्याचे सोळाच्या पायातले शेवटचे तीन अंक खोडले की पानाचा क्रमांक मिळतो. १ए३सी४५६७८ हा पत्ता असेल तर पान १ए३सी४५.

मात्र थांबा, हाच आकडा टाकू नका. आधी स्टिक परत बसवा आणि मेमटेस्ट पुन्हा चालवा. दोन्ही रॅम असताना मशीन पत्ते दोघींत आलटून पालटून वाटतं, त्यामुळे तीच खराब जागा वेगळ्याच पत्त्यावर दिसते. पहिल्या वेळी पत्ते विखुरलेले का होते, त्याचं उत्तर हेच. ज्या जोडणीत लॅपटॉप वापरणार, त्याच जोडणीतले पत्ते घ्यायचे.

मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीएडिट (बूटच्या नोंदी बदलणारी कमांड) वापरायचं. त्यात 'सेट', पुढे महिरपी कंसात 'बॅडमेमरी', मग 'बॅडमेमरीलिस्ट', आणि शेवटी प्रत्येक पानाच्या क्रमांकाआधी ०एक्स लावून सगळे क्रमांक, मध्ये फक्त मोकळी जागा. सापडलेल्या पानांच्या आजूबाजूची थोडी पानंही घाला, रॅमच्या मापाने ती जागा नगण्य आहे. पॉवरशेलमध्ये करू नका, महिरपी कंसाचा तिथे वेगळा अर्थ लागतो आणि कमांड रुसते. बूटच्या नोंदी बदलण्याआधी बिटलॉकर पुन्हा तात्पुरतं थांबवायचं, हे वेगळं सांगायला नको.

रिस्टार्ट झाल्यावर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं रॅममॅप उघडा. त्यात 'बॅड' नावाचा रकाना असतो. तुम्ही दिलेल्या पानांएवढे केबी तिथे दिसले की विंडोजने ऐकलं असं समजा.

मर्यादा दोन. मेमटेस्टला ही यादी कळत नाही, तिथे चुका दिसतच राहणार. आणि विंडोज सुरू होण्याआधी बायॉस किंवा बूटलोडरने ती जागा वापरली तर ही यादी काही करू शकत नाही. शिवाय चिपचा दोष पसरू शकतो, त्यामुळे अधूनमधून मेमटेस्ट लावत चला. नवी पानं आली तर यादी वाढवा. झपाट्याने वाढू लागली तर मात्र या नादात राहू नका.

झटपट_उपाय

हे भारी आहे. मला वाटलं होतं फक्त लिनक्समध्ये असतं असं.

जुना_खिळा

लिनक्समध्ये ग्रबच्या (बूटलोडरच्या) सेटिंगमध्ये 'बॅडरॅम' आहे, बरोबर. मेमटेस्ट८६ त्यासाठीचे आकडे त्याच साच्यात काढूनही देतं.

पानगळ

केलं. स्टिक परत बसवून मेमटेस्ट, नवे पत्ते, शेवटचे तीन अंक खोडले, शेजारची पानं धरून यादी टाकली. रॅममॅपमध्ये 'बॅड'च्या रकान्यात आकडा दिसतोय. त्यानंतर एसएफसीच्या आधी डिझमचं रिस्टोअर हेल्थ (विंडोजच्या मूळ फायलींचा साठा दुरुस्त करणारी कमांड) चालवलं आणि मग एसएफसी. पहिल्यांदा खराब फायली सापडल्या, दुरुस्त झाल्या. पुढच्या वेळी 'काहीही गैर आढळलं नाही'. इतक्या दिवसांत हे वाक्य पहिल्यांदाच दिसलं. पडदाही आलेला नाही.

बॅकअप वेगळ्या जागी घ्यायला का सांगितलं होतं, ते तेवढं सांगायचं राहिलं.

जुना_खिळा

हो, तेच आता सगळ्यात महत्त्वाचं आहे.

फाइल कॉपी होताना रॅममधून जाते. खराब पानावरून गेली तर एखादा बिट बदलतो आणि तशीच लिहिली जाते, कुठलीही त्रुटी न दाखवता. लॅपटॉप बिघडल्यापासून तुम्ही जे जे सेव्ह केलं, हलवलं, झिप केलं, त्यातल्या थोड्या फायलींना हे झालेलं असू शकतं. फोटोत एक बिट बदलला तर कोपऱ्यात रंगाचा पट्टा दिसेल किंवा काहीच दिसणार नाही. एक्सेलची फाइल मात्र बहुधा उघडणार नाही, कारण ती आतून झिपच असते आणि तिची बेरीज जुळत नाही. पडझड सुरू होण्याआधीच्या बॅकअपवर या नव्या प्रती चढवल्या असत्या तर चांगल्या फायली गेल्या असत्या.

दोन्ही बॅकअपमधल्या, तुम्ही मधल्या काळात न बदललेल्या फायलींचे हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकड्यांचा ठसा) काढून ताडून पहा. विंडोजमध्येच सर्टयूटिल आहे, 'हॅशफाइल' आणि एसएचए२५६ देऊन एकेका फाइलचं निघतं. शेकडो फायली असतील तर पॉवरशेलचं गेट-फाइलहॅश पूर्ण फोल्डरवर चालवा. जिथे जुळत नाही तिथे जुनी प्रत ठेवा. झिप फायली उघडून 'टेस्ट' करा. रिलायबिलिटीच्या तक्त्यात पहिली पडझड दिसते त्या तारखेच्या थोडं आधीपासून धरा, कारण चिप बिघडल्याबरोबर पडदा येतोच असं नाही.

पानगळ

बरं झालं विचारलं. मधल्या काळातल्या फोटोंमध्ये काही अर्धे करडे आहेत, मला वाटलं होतं फोनमधूनच तसे आलेत. जुन्या प्रती शाबूत आहेत. आता सगळ्यांचे हॅश काढत बसते.

रात्रपाळी

धाग्यात घुसतोय, माफी. माझ्याकडेही असंच होतंय, पण कोड कायम 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' आणि फक्त झाकण उघडल्यावर. रॅम काढून बघू का?

सुईदोरा

नको, स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. कोड एकच, वेळ एकच, म्हणजे तुमचं प्रकरण वेगळं आहे. ९एफ कोडचा अर्थ असा की झोपायला किंवा उठायला सांगितल्यावर एका ड्रायव्हरने ठरलेल्या वेळेत उत्तर दिलं नाही. मिनिडंप विनडीबीजीत उघडा, त्यात अडून बसलेल्या ड्रायव्हरचं नाव बहुधा असतंच. वायफाय, ब्लूटूथ किंवा बाहेरून जोडलेला डॉक यांच्यापैकी काही असेल तर लॅपटॉपच्या निर्मात्याच्या साइटवरून त्याचा ड्रायव्हर घ्या. 'सगळे ड्रायव्हर अपडेट करतो' म्हणणारी फुकटची ॲप टाळा, ती भलत्याच मॉडेलचा ड्रायव्हर बसवतात.

वेगळा धागा काढा आणि डंपमधलं नाव तिथे लिहा. इथे पानगळताईंचं अजून हॅश काढणं चालू आहे.

रात्रपाळी

काढतो. डंपमध्ये ब्लूटूथच दिसतंय.